पदर, कव्हर आणि 'इथं'

प्रश्न : मी राजारामपुरीत राहते. बाळ तीन महिन्यांचं आहे, फक्त अंगावर पितं. सासूबाई म्हणतात, हॉलमध्ये बसायचं तर कव्हर घे, नाहीतर आत जा. कव्हर घातलं की बाळ पाय झाडतं, रडतं, पिणं सोडून देतं. जाऊ म्हणते, कव्हर म्हणजे जुनाटपणा, फेकून दे. नवऱ्याचे मित्र आले की 'डेअरी सुरू झाली का' अशी थट्टा होते आणि नवराही हसतो. थोरली मुलगी चार वर्षांची. परवा सगळ्यांसमोर बोट दाखवून म्हणाली, 'आई, ह्याला काय म्हणतात?' सासूबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. पुढच्या महिन्यात कागलला चुलत दिराचं लग्न आहे. कव्हर वापरू की नको, आणि पोरीला काय सांगू?

उत्तर :

ताई, एवढं सगळं लिहिलंत, पण त्या अवयवाचं नाव तुमच्या प्रश्नात कुठंच आलं नाही. 'अंगावर पितं' लिहिलंत, 'बोट दाखवून' लिहिलंत. चूक काढत नाही. बावीस वर्षं मी कोल्हापुरात बाळंतिणींच्या खाटेशी उभी आहे, आधी स्टाफ नर्स म्हणून आणि आता स्तनपान सल्लागार म्हणून. माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक बायकांचा शब्द एकच असतो : 'इथं'. 'सिस्टर, इथं दुखतंय.' 'इथं गाठ आलीय.' आणि एक बोट, तेही साडीपासून चार बोटं लांब. गावाकडनं आलेली असेल तर 'हितं'.

कव्हरचा प्रश्न आणि मुलीचा प्रश्न म्हणूनच मी वेगळे करत नाही. कपडा घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवा, त्यात सासूबाई नकोत, जाऊबाई नकोत आणि मीही नको. पण नावावरचं कव्हर मात्र काढा, कारण त्यानं होणारं नुकसान मी रोज बघते.

आधी बाळाचं बघू. पहिल्या महिन्यात बाळाला आठ-दहा इंचांपलीकडचं नीट दिसत नाही. त्याचं जग म्हणजे आईचा वास आणि आईचा चेहरा. तिसऱ्या महिन्यात त्याला पंखा सापडतो, आजीचा आवाज कुठल्या बाजूनं आला ते कळतं, पिता पिता मध्येच थांबून तुमच्याकडं बघून हसायचं असतं. अशा वेळी त्याच्या डोक्यावर तंबू टाकला तर ते पाय झाडणारच. त्यात विकत मिळणारी बरीच कव्हरं पॉलिस्टर मिसळलेली. दूध ओढणं हे बाळाचं कष्टाचं काम आहे, कपाळ घामेजतं. खात्री करायची असेल तर दुपारी दोन वाजता पंखा बंद करून ते कव्हर स्वतःच्या डोक्यावर पाच मिनिटं घेऊन बसा. (एक सांगून ठेवते. कव्हर नसताना, पंख्याखाली, दर वेळी पिताना बाळाला दरदरून घाम येत असेल, दम लागत असेल आणि ते मध्येच थकून सोडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हृदयाच्या तक्रारीत असं होऊ शकतं. त्याचं खापर कव्हरवर फोडून गप्प बसू नका.)

बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे तर मी घरात शक्यतो कव्हर घेऊ देत नाही. कारण लाजबीज काही नाही, साधं आहे : बाळानं नीट धरलंय का ते दिसलं पाहिजे. तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि बोंडीभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त, खाली कमी दिसणारा. नुसती बोंडी तोंडात असेल तर दूध येत नाही, आणि दोन दिवसांत बोंडीला चिरा पडतात. ते दुखणं काय असतं ते ज्या बाईला झालंय तिलाच ठाऊक. कपड्याखाली चाचपडत लावलेल्या बाळांच्या आया मी अशा अवस्थेत पुष्कळ पाहिल्या. बाळ तोंडाजवळ आणलं की त्यांच्या पायाची बोटं वळतात.

तुमचं बाळ आता तीन महिन्यांचं आहे, धरायला शिकलंय. म्हणून कव्हर घ्यायला आता माझी हरकत नाही. फक्त ते कव्हर दुकानातलंच असायला हवं असं नाही. आपल्याकडं त्याहून चांगली वस्तू घरोघरी आहे : जुनेर. धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी, तिचा दीड-दोन हाताचा तुकडा. हवा खेळते, उजेड येतो, बाळ मुठीत धरून ओढत बसतं आणि त्यातच रमतं. बाळाचं डोकं उघडं ठेवा आणि तो तुकडा वरच्या बाजूला, तुमच्या खांद्यापासून बाळाच्या गालापर्यंत येईल असा घ्या. पुढच्या बाजूला उघडतं ते बाळाच्या डोक्यानंच झाकलं जातं. विकतचं घ्यायचंच असेल तर गळ्याला वायरची कमान असलेलं घ्या, वरून खाली बघितलं की बाळाचा चेहरा दिसतो. गळ्याशी घट्ट बसणारं, आत काय चाललंय ते न दिसणारं कव्हर कितीही झुळझुळीत असलं तरी नको.

आता सासूबाई. त्यांच्याशी भांडायच्या आधी त्यांना एक प्रश्न विचारा : 'आई, तुम्हाला भीती दृष्टीची वाटते की लाजेची?' हा प्रश्न मी किती सासवांना विचारलाय त्याची गणती नाही. निम्म्या जणी क्षणभर गोंधळतात. कारण त्यांच्या सासूनं जेव्हा पदर घे म्हटलं तेव्हा ते दृष्टीसाठी होतं. कुणाची नजर लागली तर दूध आटतं, बाळ अंगावर घेईनासं होतं, ही ती समजूत. नऊवारी लुगडं आणि पुढं गाठ मारायची चोळी या पोशाखात पाजणं हे पदराच्या आड सहज होणारं काम होतं. गाठ सोडली, बाळ आत घेतलं, पदर वरून आला, आणि बाई चुलीपुढं, जोत्यावर, बाजारात भाजीच्या पाटीमागं बसून बोलत बोलत पाजायची. तिला कुणी आत जा म्हणत नव्हतं. पदर बाईला चारचौघांत ठेवत होता. तुमच्या घरातलं कव्हर मात्र आत जाण्याला पर्याय म्हणून आलंय, म्हणजे अटीवर. दिसायला दोन्ही कापडच, पण काम उलटं.

गाऊन आणि मागून चेन असलेले कुर्ते आले, पदर गेला, आणि त्या जागी आपण दुसरं काहीच ठेवलं नाही. हे माझं निरीक्षण आहे, कुणाला पटेल, कुणाला नाही.

दृष्टीची भीती असेल तर ती मोडायला जाऊ नका. तीट लावा, पाठ करून बसा, वाद संपला. लाजेची असेल तर मात्र त्यांना गोठ्यातलं उदाहरण द्या. आपल्या जिल्ह्यात ते कुणालाही कळतं. म्हैस पान्हा चोरते हे सासूबाईंना मी सांगायला नको. नवखा माणूस धारेला बसला, कुत्रं भुंकलं, कुणी दांडकं आपटलं, की कास भरलेली असून धार लागत नाही. गवळी काय करतो? ओरडत नाही. पाठीवरनं हात फिरवतो, पेंड पुढं करतो, रेडकू लावतो, थांबतो. बाईचंही तेच आहे. बाळानं ओढायला सुरुवात केली की मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि दूध पुढं ढकललं जातं. आपल्या भाषेत पान्हा सुटतो. भीती, चिडचिड, कुणी बघतंय ही धास्ती यानं तो अडतो. दूध तयार असतं, पण येत नाही. बाळ रडतं, आजी म्हणते दूधच पुरत नाही, आणि संध्याकाळपर्यंत पावडरचा डबा घरात येतो. घरातल्यांनी आणलेला ताण आणि त्याचं बिल बाळंतिणीच्या नावावर.

जाऊबाईंचंही ऐका, पण पूर्ण नको. इचलकरंजीची एक सून होती. दोन खोल्या, सासरे रात्रपाळी करून दिवसा घरी झोपायचे, दोन धाकटे दीर. ती सगळे पुरुष बाहेर जायची वाट बघत बसायची. बाळ रडलं तरी चमच्यानं पाणी पाजून गप्प करायची. (सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी लागत नाही, उन्हाळ्यातही नाही. ते वेगळं.) बाराव्या दिवशी एक बाजू दगडासारखी, लाल, अंगात 103 ताप. तिच्या शिकलेल्या मैत्रिणीनं तिला बजावलं होतं की कव्हर घेणं म्हणजे गुलामी. मी तिला जुनेर फाडून दिलं आणि म्हटलं, हे घे आणि बाळाला लागेल तेव्हा, जिथं असशील तिथं पाज. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. त्या घरात पुरुष बाहेर जाण्याची वाट बघत बारा वेळा कधी झालं असतं? तिच्यासाठी तो कपडा म्हणजे मोकळीक होती. त्याच आठवड्यात ताराबाई पार्कातली दुसरी एक जण आली होती. घरात फक्त नवरा आणि आई, तरी ही कव्हर घालून बसलेली, कारण फोनवर बघितलेल्या सगळ्या आया तशाच बसलेल्या असतात. तिला मी काढायला लावलं. एकीला दिलं, एकीचं काढलं. यात मला काही विसंगती वाटत नाही.

माझंही सांगते. माझ्या पहिल्या वेळी नात्यातल्या एका बारशाला मला 'आत जा' म्हटलं गेलं, आणि आत म्हणजे धान्याची खोली निघाली. शेंगांच्या पोत्यावर बसून पाजलं, दार लावलेलं, दिवा नाही. बाहेर जिलेबीची पंगत चाललेली. मी नर्स होते, सगळं शिकलेलं होतं, आणि तरी तोंडातून अवाक्षर निघालं नाही.

आपल्या गावाची गंमत सांगू? रात्री जेवून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जा. गिऱ्हाईकासमोर म्हशी बांधलेल्या, समोर धार काढतात आणि माणसं फेसाळ धारोष्ण दुधाचे ग्लास उभ्या उभ्या रिचवतात. कासेकडं बघत. पाव्हणे आले की आवर्जून नेतो आपण. त्याच रस्त्यावर एखाद्या दुकानाच्या पायरीवर बाई पोराला पाजत बसली तर तीच माणसं आधी बघतात आणि मग बघितल्याबद्दल तिलाच बोल लावतात. खरवसाचंही तसंच. म्हशीच्या चिकाचा खरवस आपण चढ्या भावानं विकत घेतो, आणि बाईचा तोच पिवळसर घट्ट चीक 'घाण दूध' म्हणून पिळून टाकायला सांगणाऱ्या आज्या मला आजही भेटतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जन्मल्यापासून तासाभराच्या आत अंगावर घेतलेली बाळं देशभरात 41.8 टक्केच निघाली. सिझेरियन, दवाखान्यातली घाई अशी कारणं त्यात आहेतच. पण खाटेभोवती जमलेले दहा नातेवाईक आणि त्यांच्यासमोर अंग कसं उघडायचं म्हणून भिंतीकडं तोंड करून पडलेली आई, हेही मी पाहत आले आहे. तेव्हा मी आईला झाकत नाही. नातेवाइकांना चहाला पाठवते.

बाहेर पाजण्याबद्दल कायद्याची भीती घालणारं कुणी भेटलं तर सरळ सांगा, भारतात अशी मनाई करणारा कायदा नाही. उलट सर्वोच्च न्यायालयानं 19 फेब्रुवारी 2025 च्या निकालात सार्वजनिक ठिकाणी आणि कामाच्या जागी स्तनपानाला लांच्छन लावू नये, हे नागरिकांचं कर्तव्य असल्याचं म्हटलंय, आणि अशा ठिकाणी स्तनपानासाठी वेगळी जागा करण्यावरही भर दिलाय. आपल्याकडं एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष आहेत. नाव छान दिलंय. रायगडाचे दरवाजे सांजेला बंद झाले म्हणून घरच्या तान्ह्यासाठी कडा उतरणारी गवळण. पण एका बसस्थानकावर मी स्वतः आत डोकावले तर केरसुण्या, बादल्या आणि पाय मोडलेली खुर्ची, आणि किल्लीवाला जेवायला गेलेला. तेव्हा असा कक्ष उघडा आणि स्वच्छ मिळाला तर वापरा, नाही मिळाला तर फलाटावरच्या बाकावर पाजा. बाळाला कुलूप कळत नाही.

आता शब्दांकडं येते. खरं तर मला यावरच जास्त बोलायचं होतं.

आपल्याकडं या एका अवयवाला किती नावं आहेत बघा. पुरुषांच्या घोळक्यात फळबाजार भरतो : आंबे, संत्री, पपया, नारळ. गॅरेजमध्ये हेडलाइट, मैदानावर बॉल. बाळंतपण झालं की टँकर आणि डेअरी. कवितेत उरोज, पयोधर. दवाखान्याच्या कागदावर स्तन. गावात थान. शाळेत 'छाती', आणि तीही विज्ञानाच्या तासाला, मुली खाली मान घालून बसलेल्या असताना. कॉलेजातल्या मुली 'बूब्स' म्हणतात, कारण परक्या भाषेतल्या शब्दाला आईचा मार बसत नाही. 'ब्रेस्ट'ही त्याचसाठी चालतो. एवढी सगळी नावं असून, ज्या बाईचा तो अवयव आहे तिच्या तोंडात बसेल असा रोजचा शब्द नाही. सगळे शब्द बघणाऱ्यांचे.

त्यातल्या 'थान' या शब्दावर माझा जीव आहे. संस्कृतातल्या 'स्तन'चंच ते घरगुती रूप. एक पुस्तकात राहिला, दुसरा गोठ्यात आणि माजघरात. आमच्या आज्या सरळ 'पोराला थानाला लाव' म्हणायच्या, त्यात शिवी नव्हती. शहरात आल्यावर तो गावंढळ ठरला, मग चावट ठरला, मग गेला. जागा रिकामी राहिली आणि 'इथं' आलं. आणखी एक मौज. आपल्या कोल्हापुरात बाई 'मी येतो', 'मी जातो', 'मी सांगतो की' असं पुरुषी क्रियापद बिनदिक्कत वापरते, पुण्याच्या माणसाला हसू येतं. क्रियापदाला न घाबरणारी ही बाई एका नामाला घाबरते.

'छाती'चा गोंधळ तर विचारू नका. एका बाळंतिणीनं रात्री सासऱ्यांना सांगितलं, 'छातीत लई दुखतंय.' सासरे घाबरले, रिक्षा काढली, एका दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, तो चांगला आला. गॅस झालाय म्हणून गोळी दिली आणि परत पाठवलं. तिनं 'वर दुखतंय, दुधाचं दुखतंय' एवढंही म्हटलं नाही, आणि समोरच्यानं विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडं आली तेव्हा डाव्या बाजूला पू धरला होता, सर्जनकडं पाठवावं लागलं. पहिल्या रात्री तिला एक शब्द म्हणता आला असता तर बाळाला नेहमीसारखं पाजत राहून, पाजून झाल्यावर थंड पट्टी ठेवून आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधावर भागलं असतं.

म्हशीची कास सुजली, दगडी झाली, की धारेच्या वेळेच्या आत जनावरांचा डॉक्टर गोठ्यात हजर होतो. घरधनी फोनवर खणखणीत आवाजात सांगतो, 'मागचं डावं सड सुजलंय, दुधात गुठळ्या येत्यात.' इतकी नेमकी माहिती मला बाळंतिणीकडून क्वचित मिळते. म्हणून लक्षात ठेवा : एक बाजू लाल, गरम, दुखरी, थंडी वाजून ताप, तर तुम्ही 'इथं' म्हणत बसू नका. 'डाव्या स्तनाच्या खालच्या बाजूला गाठ आहे, कालपासून ताप आहे' असं सांगा आणि त्याच दिवशी सांगा. पाजणं बंद करू नका, जोरानं चोळू नका, शेगडीचा शेक देत बसू नका.

गेल्या पावसाळ्यात करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातून साठीच्या एक आजी सुनेला घेऊन आल्या. सून आत, आजी दाराशी. सुनेनं पदर खाली घेतला की आजी बाहेर बघायच्या आणि 'झाक की गं' म्हणायच्या. मी सुनेला बाळ कसं धरायचं ते दाखवत होते आणि तोंडानं नावं घेत होते, स्तन, बोंडी, थान, जे येईल ते. निघताना सून चपला घालायला बाहेर गेली आणि आजी मागं राहिल्या. म्हणाल्या, 'सिस्टर, एक इचारू? माझ्या पण हितं सुपारीएवढं कायतरी हाय. पाच-सा महिनं झालं. दुखत न्हाई, म्हणून कुणाला बोललो न्हाई.' मी दार लावलं. हाताला लागत होतं, कडक, हलत नव्हतं. आपल्या देशातल्या बायकांत सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग हाच आहे, आणि सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं, नावच घ्यायचं नाही म्हटल्यावर? पुढं तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं. आता त्या दर तीन महिन्यांनी दाखवायला येतात आणि येताना माझ्यासाठी शेतातल्या शेंगा आणतात.

म्हणून म्हणते, सासूबाईंना शत्रू समजू नका. त्यांनी पोरीच्या तोंडावर ठेवलेला हात आधी त्यांच्या स्वतःच्या तोंडावर कुणीतरी ठेवलेला आहे.

नवऱ्याचं मात्र मी एवढ्या मऊपणानं घेणार नाही. तालमीच्या गावचे पुरुष आपले. आव्हान द्यायचं तर 'आईचं दूध प्यालाय तर ये पुढं' म्हणणारे. तेच दूध बायकोच्या अंगावर आलं की डेअरी. (तसं कोल्हापूर जिल्ह्यात डेअरीला हसणारा माणूस म्हणजे कमालच. निम्म्या घरांचा महिना डेअरीच्या बिलावर चालतो.) मित्रांसमोर त्यांना बोलू नका, अपमान झाला की माणूस आणखी हसतो. रात्री, बाळ झोपल्यावर, एकच वाक्य : 'तुम्ही हसलात तेव्हा मला दूध उतरेना.' आणि ते खोटं नाही, वर पान्ह्याचं सांगितलंच आहे. पुढच्या वेळी मित्र बोलला तर त्यांनी काय म्हणायचं तेही आधी ठरवा. 'बाळ पितंय, आपण गॅलरीत बसू' एवढं पुरतं. भाषण नको. आणि पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढायचं काम त्यांच्याकडं द्या. ज्याच्या शर्टावर रोज दूध ओघळतं त्याला त्या दुधाची थट्टा करवत नाही, असं मी पाहिलंय. सगळ्यांच्या बाबतीत नाही, पण पुष्कळांच्या.

पोरीला काय सांगायचं हे सगळ्यात सोपं. चार वर्षांच्या मुलीनं विचारलं ते नाक काय, कोपर काय अशाच आवाजात विचारलं. तुम्हीही त्याच आवाजात सांगा : 'ह्याला स्तन म्हणतात. बाळाचं दूध इथून येतं. तू पण प्यायचीस.' घरात थान म्हणत असाल तर थान सांगा, दोन्ही सांगा. 'दुदू' मात्र नको. दुदू हे दुधाचं नाव आहे, अवयवाचं नाही. उद्या शाळेत कुणी नको तिथं हात लावला आणि ती बाईंना 'दुदूला' म्हणून सांगायला गेली, तर बाईंना वाटेल डब्यातल्या दुधाबद्दल बोलतेय. लहान मुलांच्या संरक्षणासाठी 2012 साली पोक्सो कायदा झाला, पण कायद्यापर्यंत जायला आधी पोरीकडं शब्द असावा लागतो. ती चारचौघांत तो शब्द पुन्हा म्हणेल, म्हणणारच, मुलांना नवा शब्द मिळाला की आठवडाभर तोच चालतो. म्हणू द्या. 'हो, बरोबर, आता जेव' म्हणायचं. नवव्या दिवशी तिला त्यात रस उरत नाही. बाहुलीला पाजायला बसली तर हसू नका, ओरडूही नका.

राहिलं कागलचं लग्न. घरून निघताना एकदा पोटभर पाजा, आणि कार्यालयात पोचल्या पोचल्या मुहूर्ताच्या आधी पुन्हा एकदा. अक्षतांच्या वेळी बाळ झोपेत असेल तर बरं. जागा आधी हेरून ठेवा : नवरीची खोली नको, तिथं फोटोवाले घुसतात. जेवणघराच्या कडेची भिंत चांगली, पाठ भिंतीला, पुढ्यात विश्वासाची एक बाई. ती जाऊबाई असतील तर उत्तम, त्यांच्या उत्साहाला काम मिळेल. डॉल्बी लागली की बाळाला घेऊन लांब जा, तिथं मात्र लाज सोडून उठा. पदराला खांद्यावर एकच पिन लावा आणि पाजायच्या आधी ती काढून पर्समध्ये टाका. बाळाच्या गालाला पिनेचा ओरखडा आलेला मी दोनदा पाहिलाय. जरीचा पदर बाळाच्या तोंडावर घेऊ नका, टोचतो, त्यासाठी जुनेराचा तुकडा वेगळा न्या. आणि ब्लाउज शिवायला टाकला असेल तर आजच शिंप्याला फोन करा. सध्या सगळे मागं हूक आणि आत पॅड घालून देतात. हूक पुढून हवेत आणि पॅड नको, म्हणावं.